एबीएसचा दिवा विझत नाही? जुन्या गाडीतला दोष घरच्या घरी असा शोधा

मागच्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटातून साताऱ्याकडे उतरत होतो. दुसऱ्या वळणावर मीटरमध्ये एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जागेवर अडकू (लॉक होऊ) न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला. ब्रेक लागत होते, पेडल नेहमीसारखंच होतं, आवाज नाही की गाडी एका बाजूला ओढत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रींनी बोनेट उघडून पाहिलं आणि सांगून टाकलं, "मॉड्युल गेलंय, बदलायला लागेल." चाक काढलं नाही, स्कॅनर लावला नाही. त्यांनी सांगितलेल्या रकमेत माझ्या २०११ सालच्या गाडीला चारही टायर नवे आले असते. खरा दोष निघाला पुढच्या डाव्या चाकामागे, बोटभर लांबीच्या वायरमध्ये.

म्हणून हे लिहितोय. जुन्या गाडीत हा दिवा लागला तर दोष बहुतेक वेळा चाकापाशी असतो, बोनेटखालच्या महागड्या डब्यात, म्हणजे मॉड्युलमध्ये, नाही. आणि तो शोधायला धीर, एक साधा मल्टिमीटर आणि रविवारची एक दुपार पुरते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. फक्त पिवळा दिवा लागला असेल तर साधे ब्रेक चालू असतात, बंद पडलेली असते ती चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. पण पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला आणि हँडब्रेक पूर्ण सोडलेला असेल, तर गाडी बाजूला घ्या. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद झालेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. त्या अवस्थेत पसरणी किंवा खंबाटकीचा घाट उतरू नका. ऑइल तपासल्याशिवाय गाडी हलवूच नका.

फक्त पिवळा असेल तरी दोष सापडेपर्यंत गाडी वेगळ्या पद्धतीने चालवा. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा आणि घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा. गळितात उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या पाल्यावर आणि चिखलावर ब्रेक एकदम दाबू नका. चाक लॉक झालं की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. पाय थोडा सैल सोडला की चाक पुन्हा फिरायला लागतं आणि गाडी ताब्यात येते.

यंत्रणा काय करते ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच आहे. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी दात्यांची किंवा चुंबकाची रिंग असते, आणि चारही सेन्सरकडून येणारा वेग बोनेटखालचं मॉड्युल सतत ताडून पाहतं. एकाही चाकाचा हिशेब जुळला नाही की ते एबीएस बंद करतं आणि दिवा लावतं.

पायरी १ : दिव्याचं वागणं बघा

चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. दिवा लागून दोन-चार सेकंदांनी विझला पाहिजे. विझलाच नाही तर दोष आत्ता, उभ्या गाडीतही आहे : वायर तुटलेली, फ्यूज उडालेला, कपलर (वायरींचा जोड) निघालेला. विझला आणि गाडी निघून थोडा वेग घेतल्यावर लागला, तर सेन्सरसमोरची रिंग, घाण किंवा बेअरिंगवर संशय घ्या. खड्ड्यात किंवा वळणावरच लागत असेल तर वायर कुठेतरी ढिली आहे किंवा बेअरिंगला खेळ (ढिलेपणा) आहे.

आणि चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल, तर ते सगळ्यात वाईट. सेकंड हँड गाडी घेताना हे आवर्जून बघा, कारण दोष लपवण्यासाठी मीटरमधला दिवाच बंद करून गाडी विकणारे लोक आहेत.

पायरी २ : साध्या गोष्टी आधी संपवा

ब्रेक ऑइलच्या डब्यात पातळी बघा. कमी असेल तर लगेच ओतू नका. पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते, म्हणून आधी पॅड बघा आणि कुठे गळती आहे का ते बघा. गळती नसेल तरच, झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं सीलबंद बाटलीतलं ऑइल टाका. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे महिनोन्महिने उघडी राहिलेली बाटली वापरू नका.

मग बॅटरी. इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. बॅटरी कमजोर असेल किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं पडतं की एबीएसचं मॉड्युल तक्रार करतं. थंडीतल्या सकाळी पहिल्या स्टार्टला लागणाऱ्या दिव्यामागे अनेकदा एवढंच असतं.

एबीएसला बहुधा एकापेक्षा जास्त फ्यूज असतात, पंपाच्या मोटरचा मोठा आणि बाकीच्यांचे लहान, आणि कोणता कुठे आहे ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर छापलेलं असतं. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा कधीच घालू नका. पुन्हा उडाला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. जाता जाता एकाला मागे उभं करून ब्रेक लाइट लागतात ना तेही बघून घ्या. पेडलचा स्विच बिघडला तरी काही गाड्यांत हाच दिवा लागतो.

पायरी ३ : कोणतं चाक ते ठरवा

इथे स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लागतो. बाजारात मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथचं यंत्र बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतं. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर हवा. आपल्याकडे साताऱ्यात पोवई नाक्यापासून एमआयडीसीपर्यंत असे स्कॅनर ठेवणारे ऑटो इलेक्ट्रिशियन मिळतात. त्यांना फक्त कोड वाचून द्यायला सांगा. ते कोड पुसायच्या आधी कागदावर लिहून घ्या; इंजिनचे कोड 'पी'ने सुरू होतात, एबीएसचे 'सी'ने. कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून आपल्याच मॉडेलचा अर्थ बघा.

कोडपेक्षाही मला भरवशाची वाटते ती दुसरी गोष्ट. स्कॅनरमध्ये चारही चाकांचा चालू वेग दिसतो. वाढे फाट्याकडून लोणंद रस्त्याला मोकळा पट्टा बघा, दुसऱ्याला गाडी ताशी २० ते ३० किलोमीटरने सरळ चालवायला सांगा आणि तुम्ही स्क्रीन बघा. तीन चाकं २५ दाखवतात आणि एक शून्यावर पडतं किंवा उड्या मारतं, ते तुमचं चाक. माझ्या गाडीत पुढचं डावं चाक सरळ रस्त्यावर बरोबर चालायचं आणि स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की शून्य व्हायचं. तिथेच मला उत्तर मिळालं होतं, फक्त ते डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं.

'वेग फरक' अशा अर्थाचा कोड आला तर चारही टायर एकाच मापाचे आहेत का आणि हवा सारखी आहे का तेही तपासा. वेगळ्या मापाची स्टेपनी चढवून विसरून गेलेला माणूस मी पाहिला आहे.

पायरी ४ : चाक काढा

सपाट जागा, हँडब्रेक, गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या चाकांना दगड, आणि जॅकशिवाय वेगळा स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. हे नियम पाळण्याचा कंटाळा येत असेल तर चाक मिस्त्रीकडेच काढा.

चाक निघालं की सेन्सरपासून आतल्या कपलरपर्यंत वायरवरून बोट फिरवत जा. शॉकॲब्सॉर्बरजवळ, जिथे वायर क्लिपमध्ये अडकवलेली असते, तिथे वाकवून बघा. माझ्या गाडीत ती रबरी क्लिप तुटून वायर शॉकॲब्सॉर्बरला घासत होती. वरून फक्त काळा ओरखडा दिसत होता. नखाने दाबला तेव्हा आतली तांब्याची तार दिसली, पाणी शिरून हिरवी पडलेली, आणि चिमटीत धरली तर पिठासारखी गळून आली. गाडी वळली की ती ताणली जायची आणि तुटायची. वायरींना उंदीरही लागतात. गव्हाच्या कोठाराजवळ किंवा गोठ्यात गाडी लावणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

मग कपलर उघडा. पिनांवर हिरवी भुकटी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळवा, परत लावा. पुष्कळदा इथेच दोष संपतो.

सेन्सर काढायचा असेल तर एका बोल्टवर असतो, पण वर्षानुवर्षांच्या गंजाने जागेवर बसलेला असतो. हातोडी मारू नका, फुटतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवत काढा. टोकावर बघा : चुंबकाचं टोक असेल तर पॅड-डिस्कच्या झिजेचं लोखंडी चूर्ण दाढीच्या खुंटासारखं चिकटून उभं असतं. फडक्याने पुसा. रिंगचे दाते नायलॉनच्या ब्रशने साफ करा, मधला चिखल काढा, आणि हाताने रिंग पूर्ण फिरवून प्रत्येक दाता बघा. एखादा तुटलेला किंवा रिंगला केसाएवढी चीर असली तरी गाडी थांबायच्या आधी, अगदी हळू वेगात, पेडलला उगाच धडधड येते. चाक वर-खाली धरून हलवा; खेळ जाणवला तर सेन्सर बदलून काही होणार नाही, आधी बेअरिंग बदला.

इथेच एक सावधगिरी. बऱ्याच गाड्यांत चुंबकाची रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असते आणि ती एकाच बाजूला असते. बेअरिंग उलटं बसलं तर ते फिरतं छान, पण सेन्सरला काहीच दिसत नाही. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल तर पहिला संशय यावरच घ्या. बसवण्याआधी एक सुटी पिन सीलजवळ नेली की चुंबकाची बाजू कळते.

पायरी ५ : मल्टिमीटरने खात्री

जुन्या गाड्यांत दोन प्रकारचे सेन्सर येतात आणि दोन्हींना बहुधा दोनच वायरी असतात. चावी ऑफ करून कपलर काढा, मग चावी ऑन करून गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या जवळपास आलं तर तो वीज लागणारा सेन्सर आहे. त्याचा रोध (रेझिस्टन्स) मोजत बसू नका, खराब होऊ शकतो. त्याची परीक्षा स्कॅनरवरच करा.

जुन्या पद्धतीचा, नुसत्या कॉइलचा असेल तर रोध मोजा. साधारण ८०० ते २००० ओहमच्या मधे येतो. नेमका आकडा शोधत बसण्यापेक्षा त्याच अ‍ॅक्सलवरच्या दुसऱ्या चाकाचा सेन्सर मोजा आणि दोन्ही जुळवा. अनंत दाखवलं तर आत तुटलेला आहे. नंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरा या हिशेबाने फिरवा. थोडं का होईना, व्होल्टेज यायला हवं आणि चाक जोरात फिरवलं की वाढायला हवं.

सेन्सर बरोबर, रिंग बरोबर, चाकापासून मॉड्युलपर्यंत प्रत्येक वायर मीटरवर बीप देते, फ्यूजला वीज आहे, अर्थिंग पक्कं आहे : एवढं सिद्ध झाल्यावरच मॉड्युलचं नाव घ्या. तेव्हाही नवीन घेण्याआधी मॉड्युलचं सर्किट दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. मॉड्युल पंपासकट बदललं तर ब्रेकची हवा काढावी लागते आणि काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनरनेच पंप चालवावा लागतो. ते काम घरी करू नका.

शेवटी, काम झाल्यावर कोड पुसा आणि घाबरू नका जर दिवा लगेच विझला नाही. काही गाड्यांत चारही चाकांचा वेग बरोबर येतोय हे बघितल्याशिवाय मॉड्युल दिवा विझवत नाही, त्यासाठी गाडी ताशी २० किलोमीटरच्या पुढे न्यावी लागते. मी नवीन वायर जोडून सोल्डर केली, वर रबरी नळी चढवली, क्लिप नवी बसवली आणि लिंब खिंडीकडे निघालो. दिवा पहिल्या दोनशे मीटरवर विझला. तरी तिथून वळून थेट यवतेश्वरच्या त्याच वळणांवर गेलो, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, आणि मगच गाडी घरी आणली.