चोरबाजारात चांदी ओळखायची कशी

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर इंग्रजांच्या काळातल्या किटल्या, चमचे, ट्रे अजून मिळतात आणि दुकानदार सगळ्यालाच "प्युअर चांदी" म्हणतो. त्याचं ऐकायचं नाही, सरळ वस्तू उलटी करायची. भिंग जवळ ठेवा, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा.

इंग्लिश स्टर्लिंग असेल तर चालणारा सिंह दिसतो, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. शेजारी गावाचा शिक्का, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि एक अक्षर, त्यावरून वर्ष काढता येतं. शिक्के झिजून पुसट झालेले असतात, ते चालतं. पण ईपीएनएस (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) लिहिलेलं दिसलं की समजायचं फक्त मुलामा आहे, आत निकेलचा मिश्रधातू, कडा आणि चमच्याची पाठ बघा, तिथे झिजून आतला पिवळट रंग डोकावतो. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच, नाव नुसतं! आणि "ओएम भुज" असा शिक्का दिसला तर चेहऱ्यावर काही दाखवू नका, ते कच्छच्या ओमरसी मावजी या कारागिराचं नावाजलेलं चांदीकाम.

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. राखाडी, मऊ, नखाने टिचकी मारली तर बहुतेकदा बद्द आवाज येतो, चांदीसारखं काळं पडत नाही. जुन्या प्यूटरमध्ये शिसं असू शकतं, कागदावर घासून राखाडी रेघ उमटली तर शंका घ्या, त्यात चहा-बिहा प्यायचा नाही, शोकेसलाच ठेवा.

चुंबक चिकटला तर मात्र सोडा, पुढच्या दुकानात चला.