टाइम ट्रॅव्हल थ्रिलर बनवताय? या चुका टाळा

काळप्रवासाच्या थ्रिलरचं काम सुरू झालं की पहिल्या बैठकीपासून चर्चा यंत्राचीच होते. ते दिसेल कसं, त्यातून धूर येईल की प्रकाश, व्हीएफएक्सला, म्हणजे संगणकावर तयार केलेल्या दृश्यांना, किती पैसे लागतील. प्रेक्षक मात्र यंत्रावर मिनिटभरात विश्वास ठेवून मोकळा होतो. २००४ सालच्या ‘प्रायमर’मध्ये काळयंत्र म्हणजे माणूस आत झोपू शकेल असा एक पेटारा आहे, आणि अख्खा चित्रपट सुमारे ७,००० डॉलरमध्ये झाला. असे चित्रपट फसतात ते भलतीकडेच. एकच प्रसंग दोनदा दाखवायचा असतो आणि दोन्ही वेळा तो जुळत नाही. त्यामुळे या लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

नियम न ठरवता लिहायला बसणं

भूतकाळ बदलता येतो, की काहीही केलं तरी जे घडलं तेच घडतं, की बदल करताच काळाची वेगळी शाखा फुटते? यांतलं एक निवडा आणि पटकथेच्या पहिल्या पानाआधी कागदावर लिहून काढा. भूतकाळ बदलता येत असेल तर थ्रिलरचा जीवच धोक्यात येतो. फसलं तर पुन्हा मागे जाता येतं म्हटल्यावर भीती कशाची वाटणार? तिथे मर्यादा हवीच: प्रवास एकदाच करता येतो, किंवा प्रत्येक फेरीला शरीर खंगत जातं. आणि ती मर्यादा पहिल्या अर्ध्या तासात दिसायला हवी. शेवटाकडे अचानक सांगितलेला नियम म्हणजे लेखकाने काढलेली पळवाट, आणि प्रेक्षकाला ती लगेच कळते.

पहिलाच चित्रपट असेल तर माझं स्पष्ट मत ‘जे घडलं तेच घडतं’ या नियमाच्या बाजूने आहे. नायक जे टाळायला जातो तेच त्याच्या हातून घडतं, म्हणजे ताण कथेतच असतो. शिवाय पहिल्यांदा दाखवलेले शॉट दुसऱ्यांदाही जसेच्या तसे वापरता येतात. बदलणाऱ्या भूतकाळात प्रत्येक बदललेला प्रसंग नव्याने चित्रित करावा लागतो. त्यामुळे नियम ठरवतानाच निर्मात्याला सोबत बसवा.

दोनदा दिसणारा प्रसंग दोन वेगळ्या दिवशी चित्रित करणं

समजा, सुरुवातीला नायिका जिना उतरते आहे. वरच्या मजल्यावर काहीतरी पडतं, ती दचकून मागे बघते, कोणीच दिसत नाही, ती निघून जाते. तासाभराने प्रेक्षकाला कळतं की वर भविष्यातून आलेली तीच उभी होती आणि तिच्याच कोपराचा धक्का लागून फुलदाणी पडली. कागदावर हे दोन सीन आहेत, म्हणून शेड्युल करणारा माणूस ते दोन दिवशी लावतो. गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

दोन्ही बाजू एकाच दिवशी, लागोपाठ घ्या. आधी जिन्यावरचा भाग करा आणि त्यातला पसंत टेक (एका शॉटचं एक वेळचं चित्रीकरण) तिथेच, सेटवर नक्की करा; संकलक सोबत असेल तर उत्तम. मग वरचा भाग घेताना त्या टेकचा आवाज स्पीकरवर वाजवा. नायिका खालच्या पावलांच्या तालावर हलेल आणि खालची नायिका सहाव्या पायरीवर असतानाच फुलदाणी पडेल. नुसत्या अंदाजावर हे जुळत नाही. एखाद्या सेकंदाचा फरकही थ्रिलरच्या प्रेक्षकाला खटकतो, कारण आपणच त्याला बारकाईने बघायला शिकवलेलं असतं.

भविष्यातून आलेल्या नायिकेला वरच्या दारामागे लपण्याची सोयही पहिल्याच वेळी करायला हवी. वरचं दार पुढे किलकिलं दिसणार असेल, तर पहिल्या शॉटमध्येही ते तेवढंच किलकिलं हवं, आणि दुसऱ्यांदा चित्रपट बघणाऱ्याला त्या फटीत सावली दिसली पाहिजे. उजेडाचंही तसंच. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. जेवणाच्या सुट्टीआधी भिंतीवर पडलेला कवडसा सुट्टीनंतर तिथे नसतो. म्हणून असा प्रसंग खिडकीच्या उन्हावर सोडू नका. खिडकी झाका आणि बाहेरून दिव्याचा उजेड द्या.

एकाच फ्रेममध्ये दोन रूपं

ट्रायपॉडवर कॅमेरा पक्का करायचा, नटाला आधी डावीकडे, मग उजवीकडे उभं करून दोनदा चित्रीकरण करायचं आणि नंतर जोडायचं, ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. घात होतो तो ऑटोवर राहिलेल्या फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्समुळे (रंगछटेचा समतोल). तिन्ही मॅन्युअल करा आणि दोन्ही टेक संपेपर्यंत ट्रायपॉडला कोणी हात लावणार नाही याची काळजी घ्या. नट जोडरेषा ओलांडत नाही, पण त्याची सावली ओलांडते. ती मॉनिटरवर आधीच बघून ठेवा.

संवादात पुढाकार घेणारं रूप आधी चित्रित करा. दुसऱ्या रूपाच्या वेळी नटाच्या कानात छोट्या इअरपीसमधून पहिले संवाद ऐकवा आणि समोर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, नजरेसाठी खूण लावा. नजर चार बोटं जरी चुकली तरी दोघं एकमेकांच्या खांद्याशी बोलताहेत असं वाटतं. खांद्यावरून घेतलेल्या शॉटसाठी मात्र बॉडी डबल, म्हणजे नटासारख्याच बांध्याचा बदली माणूस, घ्या. तिथे जोडकाम करत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

एकच कंटिन्युइटी वही ठेवणं

कंटिन्युइटी वहीत एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत काय सारखं राहायला हवं याची नोंद असते. नेहमीच्या चित्रपटात तिच्यात कथेचा क्रम पुरतो. इथे प्रत्येक पात्राच्या जगण्याचा स्वतंत्र क्रम लागतो. प्रेक्षकाला दुसऱ्या सीनमध्ये दिसलेला नायक त्याच्या स्वतःच्या आयुष्यात पंचविसाव्या सीननंतरचा असू शकतो. मग कपाळावरची जखम, दाढीची वाढ, शर्टाची फाटलेली बाही तिथे आधीच असायला हवी. कॉल शीटवर (त्या दिवशीच्या चित्रीकरणाचा तक्ता) नुसतं ‘नायक’ न लिहिता नायक-१, नायक-२ असं लिहा. मेकअप आणि वेशभूषेच्या लोकांनाही हाच तक्ता द्या. तोच शर्ट स्वच्छ, मळलेला आणि रक्ताळलेला अशा प्रत्येक अवस्थेत किमान दोन नग हवा.

संवादांतून भौतिकशास्त्र शिकवणं

फळ्यासमोर उभा राहून सिद्धांत सांगणारा शास्त्रज्ञ शक्यतो टाळा. नियम घटनेतून दिसू द्या. कच्चं संकलन नवख्या माणसाला दाखवल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका, बहुतेक जण सौजन्यापोटी हो म्हणतात. मध्येच थांबवून विचारा, ‘या क्षणी नायकाला काय काय माहीत आहे?’ उत्तर अडखळलं तर तिथे दुरुस्ती हवी.

भूतकाळाला पिवळट आणि भविष्याला निळसर रंग देऊन काम भागत नाही. रस्त्यावरचे पांढरे एलईडी दिवे, गाड्यांच्या नंबरप्लेट, मोबाइलचे टॉवर जुन्या काळात घुसतात. लोकेशन ठरवतानाच ते तपासा.

चूक संकलनाच्या टेबलावर सापडली तर

पुन्हा चित्रीकरण शक्य नसेल तर आधी आवाजाकडे वळा. पात्र पाठमोरं असलेल्या शॉटवर एखादं वाक्य डब करून बरीच विसंगती भरून काढता येते. कोपऱ्यातली नकोशी वस्तू फ्रेम किंचित कापून घालवता येते. बाकी ठिकाणी हात, घड्याळ, दाराची कडी यांचे जवळून घेतलेले इन्सर्ट कामी येतात, आणि ते एका खोलीत, दोन-तीन माणसांत घेता येतात. मात्र त्यासाठी तीच बाही, तीच अंगठी आणि तीच कडी हाताशी हवी. म्हणून शेवटची प्रत तयार होईपर्यंत कपडे आणि प्रॉपर्टी, म्हणजे सीनमध्ये वापरलेल्या वस्तू, परत करू नका, विकूही नका.