खरेदीदार कर्जात वारला आणि जमिनीचे पैसे बाकी: बोजा कसा वसूल करायचा

खरेदीखत नोंदवलं, ताबा दिला आणि काही लाख येणं असतानाच खरेदीदार वारला. मागे मिळकतीपेक्षा देणं जास्त. अशा वेळी विकणारा इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, आणि तिथेच चुकतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५(४)(ब) त्याला त्या जमिनीवरच बोजा देतं, म्हणजे ती जमीन विकून बाकी वसूल करण्याचा हक्क. बाकी किंमत मिळतेच, शिवाय ताबा दिल्या तारखेपासून व्याजही. करारात उलट काही ठरलं नसेल तर हा बोजा वेगळा लिहून घ्यावा लागत नाही. मात्र मालकी खरेदीदाराकडे गेलेली हवी. नुसतं साठेखत (पुढे विकण्याचा करार) असेल तर मालक अजून तुम्हीच, मग बोजाचा प्रश्नच नाही.

आधी खरेदीखत काढा आणि भरण्याचा परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचा. ‘उर्वरित रु. २२,००,००० अमुक तारखेच्या धनादेशाने देणे’ असं लिहिलं असेल तर नोंदणी हीच जगाला सूचना. नंतर जमीन गहाण घेणारी बँक ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. ‘पूर्ण भरणा पावला’ असं लिहिलं असेल तर वारसांविरुद्ध परत आलेला धनादेश, बँकेचा मेमो, खातेउतारा यांनी बाकी सिद्ध करता येते, कारण वारसांनी मोबदला देऊन जमीन घेतलेली नसते. बक्षीसपत्राने घेणाऱ्याचंही तेच. पण किंमत मोजून, बाकीची माहिती नसताना ज्याने ती विकत किंवा गहाण घेतली, त्याच्यापुढे बोजा चालत नाही. मुद्रांकावर ‘सगळं मिळालं’ लिहून देण्याची सवय इथे महागात पडते.

खरेदीखत रद्द करून मागण्याच्या मागे लागू नका. किंमत बाकी राहिली एवढ्यावरून विक्री रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

मुदती दोन आहेत. बोजा बजावायला रक्कम देय झाल्यापासून १२ वर्षं (मुदत अधिनियम, अनुच्छेद ६२), पण वैयक्तिक वसुलीला ३ वर्षंच (अनुच्छेद ५३). १२ वर्षांवर विसंबून राहू नका. लिलावात जमिनीला १८ लाखच आले, तर उरलेले चार लाख आणि व्याज मृताच्या इतर मिळकतीतून मागायला तीन वर्षांच्या आतला दावा लागतो.

दावा मेलेल्या माणसाच्या नावे दाखल केला तर तो मुळातच निरर्थक. मृत्यूचा दाखला आणि वारस फेरफार घ्या, सगळ्या वारसांना प्रतिवादी करा. मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेल्या व्यवस्थापकालाही. दावा चालू असताना खरेदीदार वारला, तर वारस रेकॉर्डवर आणायला ९० दिवस. चुकले तर दावा गळतो, आणि तो उठवायला पुढचे ६० दिवस उरतात.

मागणीत नुसती ‘रक्कम वसुली’ लिहू नका. बोजा जाहीर करावा, मुदतीत पैसे न आल्यास जमीन विकून वसूल करावे आणि तूट मृताच्या मिळकतीतून द्यावी, असं स्पष्ट मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३४ नियम १५ नुसार कारवाई साध्या गहाणाच्या दाव्यासारखी चालते: आधी प्राथमिक हुकूमनामा, मग अंतिम. वारसांच्या स्वतःच्या पैशाला हात लागत नाही, मृताची मिळकत त्यांच्या हाती आली असेल तेवढीच. महाराष्ट्रात दावा दाखल होताच लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, नाहीतर दावा चालू असताना जमीन तिसऱ्याच्या घशात जाते.

नादारीची कार्यवाही सुरू असेल तर, मुंबईबाहेर लागू असलेल्या १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात कलम ४७ तीन वाटा देतं: जमीन विकून उरलेल्या रकमेचा दावा करा, बोजा सोडून पूर्ण रक्कम मागा, किंवा बोजाची किंमत सांगून फरक मागा. तिसऱ्या वाटेत किंमत फुगवली की फरक आपोआप घटतो. आणि बोजा न सांगता पूर्ण रक्कम मागाल, तर वाटणीतूनच बाद व्हाल.