परसबागेच्या पैशातून मुलीची शाळा टिकवायची तर

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मुलीचं लग्न अठराच्या आत उरकतात, त्यामागे बऱ्याचदा साधा हिशेब असतो. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर जाणार. मुलीला सोबत न्यावं तर शाळा सुटते, मागे ठेवावं तर सांभाळणार कोण आणि ती खाणार काय? परसबाग यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे, बाकीच्यांना फक्त हातभार. त्याहून जास्त अपेक्षा धरू नका.

20 बाय 10 फूट जागा पुरते. 3 फूट रुंद आणि 10 फूट लांब असे पाच वाफे, मधे फूटभर वाट. वाफा याहून रुंद केला की तण काढताना आत पाय पडतो आणि माती दबते. इथल्या पावसात सपाट वाफ्यात मुळं कुजतात, म्हणून गादीवाफा वीतभर उंच करा आणि चर उताराकडे काढा. प्रत्येक वाफ्यात तीन-चार घमेली कुजलेलं शेणखत घाला. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. कुंपण आधी, बी नंतर. शेळी एका दुपारीत महिन्याची मेहनत खाते.

पावसाळ्यात भेंडी, चवळी, माठ. कुंपणावर दुधी, कारलं, शिराळं. मोरीच्या पाण्यावर अळू. थंडीत मेथी, मुळा, पालक, आणि भात निघाल्यावर ओल असेतो वाल. मेथी एकदम पेरू नका. दर आठ-दहा दिवसांनी वाफ्याचा तिसरा हिस्सा पेरला तर जुड्या सलग मिळतात, नाहीतर एकाच आठवड्यात ढीग लागतो आणि पडेल भावाने जातो.

भेंडीच्या वाफ्यात दीड फुटावर दोन ओळी, ओळीत फुटाफुटावर दोन बिया: एकूण 20 जागा. बी रात्रभर भिजवा, उगवल्यावर जागेवर एकच रोप ठेवा. 45-50 दिवसांनी तोडा सुरू होतो, तो दिवसाआड झालाच पाहिजे. चार भेंड्या झाडावर जून झाल्या की नवी फुलं कमी होतात. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग. त्यावर औषध नाही, झाड उपटा. रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी 50 ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा.

आता बाग उलटते कुठे ते. एप्रिलमध्ये पाच वाफ्यांना रोज पाच-सहा हंडे पाणी लागतं. विहीर लांब असेल तर ते हंडे त्याच मुलीच्या डोक्यावर येतात, शाळा बुडते, आणि ‘घरकामात तयार झाली’ म्हणून पाहुणे यायला लागतात. म्हणून होळीनंतर एकच वाफा आणि शेवगा-पपई एवढंच ठेवा, तेही भांडी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर. पाण्याची पाळी घरातल्या मोठ्यांमध्ये लावा, मुलग्यालाही द्या. लग्नसराईत बाग आटलेली असते, त्यामुळे विक्रीचा पैसा फेब्रुवारीपर्यंत बाजूला पडला पाहिजे.

तो पैसा घरखर्चात विरघळतो. आठवडे बाजारात 15 रुपयांच्या चार जुड्या गेल्या तर 60 रुपये. त्यातले 30 त्याच संध्याकाळी बचत गटाच्या वहीत मुलीच्या नावावर चढवा. 500 जमले की पोस्टात बचत खातं उघडा. दहा वर्षांवरच्या मुलीला ते स्वतःच्या नावाने उघडता येतं. एसटीच्या पासावर खर्च करू नका, बारावीपर्यंत मुलींना तो मोफत आहे. राहण्याचा प्रश्न बागेने सुटत नाही. घरचे कामाला बाहेर गेलेल्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाबद्दल मुख्याध्यापकांना दिवाळीआधीच विचारा.

भाजी गटात एकत्र मोजत असाल तर कुणाकडे लग्नाची बोलणी चालली आहेत ते तिथेच आधी कळतं. घरच्यांशी बोलून भागलं नाही तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. खेड्यात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली न्यायालय लग्नाआधी मनाई हुकूम देऊ शकतं. त्यासाठी वयाचा पुरावा लागतो. मुलीच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स गटाकडे आधीच ठेवा. ऐन वेळी तो घरात सापडत नाही.