काळा दगड वाचायला शिका: उल्का आणि खनिजांतून ग्रह कसा ओळखायचा

उल्का ओळखायला शिकायचंय ना, मग सुरुवात उल्केपासून करूच नका, आधी आपल्या सह्याद्रीतला काळा कातळ नीट बघायला शिका. चंद्रावरचे ते काळे डाग, मंगळाचा बराचसा पृष्ठभाग, व्हेस्टा नावाचा लघुग्रह, सगळीकडे वरचा थर बऱ्याच अंशी बेसाल्टचाच, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या याच काळ्या खडकाचा आहे आणि आपण तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टवरच घरं बांधून राहतोय. म्हणजे दुसऱ्या ग्रहाशी तुलना करायला लागणारा नमुना दारातच पडलाय.

घाटात रस्ता रुंद करताना फोडलेला ताजा तुकडा घ्या, नाहीतर खडीच्या ढिगातला घ्या, पण फुटलेली बाजू ताजी हवी. दहा पट मोठं दाखवणारी लूप घ्या, घड्याळ दुरुस्त करणारे किंवा सोनार वापरतात तसली, आणि उन्हात उभं राहून लूप डोळ्याला चिकटवून दगड जवळ आणा. हळूहळू त्या काळ्यातही वेगवेगळं दिसायला लागतं. पांढुरक्या बारीक काड्या चमकतात ते प्लेजिओक्लेज, काळपट दाणे म्हणजे पायरॉक्सिन, आणि नशीब असेल तर काचेसारखे हिरवट दाणे दिसतील ते ऑलिव्हिन, मात्र आपल्याकडे ते बहुतेक वेळा गंजून तपकिरी झालेलं असतं. ही तीन नावं पाठ करा, कारण पुढे मंगळाचा दगड असो की व्हेस्टाचा, फिरून फिरून हीच तीन भेटणार आहेत.

प्रत्येक खनिज कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतं. ऑलिव्हिन लाव्हारसातून सगळ्यात आधी, खूप तापमानाला जमतं, त्यामुळे ते भरपूर दिसलं की समजायचं रस खोलवरून, मॅंटलमधून म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून आलाय. प्लेजिओक्लेज हलकं, आणि त्याला जास्त दाब सोसवत नाही, खोल गेलं की त्याचं दुसरं खनिज होतं, म्हणून ते उथळ थराची खूण. चंद्रावर तर हे प्लेजिओक्लेज वितळलेल्या खडकाच्या महासागरावर तरंगत वर आलं आणि त्याचंच पांढरट कवच झालं, असं अपोलोच्या दगडांवरून मांडलं गेलं. चांद्रयान ३ च्या प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या भागात माती मोजली तेव्हा तिथेही त्याच जातीची, प्लेजिओक्लेजने भरलेली माती निघाली, आणि ते मोजणारं एक उपकरण आपल्या अहमदाबादच्या पीआरएलने म्हणजे भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलेलं होतं! बघा, एका हलक्या पांढऱ्या खनिजावरून चंद्राचा बराच मोठा भाग कधीकाळी वितळला होता हे कळतं.

आता समजा शेतात किंवा नदीकाठी एखादा संशयास्पद जड दगड सापडला. पहिली गोष्ट, कृपा करून त्याला लोहचुंबक लावू नका. सगळीकडे हाच सल्ला देतात, पण दगडात त्याच्या मूळ ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद असू शकते आणि जोरदार चुंबक एकदा चिकटवला की ती कायमची पुसली जाते. मंगळावरून आलेल्या काही मौल्यवान दगडांचं असं खरंच झालंय. मंगळाला चारेक अब्ज वर्षांपूर्वी स्वतःचं चुंबकीय क्षेत्र होतं हे सांगणाऱ्या पुराव्यांपैकी एक अंटार्क्टिकात सापडलेल्या एएलएच ८४००१ या दगडात आहे, तोही कुणीतरी चुंबकाने तपासला असता तर गेलंच असतं सगळं. त्यापेक्षा होकायंत्र टेबलावर ठेवा आणि दगड हळूच सुईजवळ न्या, सुई हलली तर आत लोखंडासारखं काहीतरी आहे. पण आपला बेसाल्टही मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजामुळे सुई थोडी हलवतो, तेव्हा एवढ्यावरून नाचायचं नाही.

मग कडा बघा. उल्का हवेतून येताना वरून वितळते, म्हणून ताज्या उल्केवर पातळ काळी साल असते, एखाद मिलिमीटर जाडीची किंवा त्याहून कमी, आणि आतला दगड सहसा वेगळ्या रंगाचा, बऱ्याचदा राखाडी. दगडात बुडबुड्यांची भोकं असतील तर तो जवळजवळ नक्की स्लॅग, म्हणजे भट्टीत धातू गाळताना उरलेला मळ, किंवा आपलाच लाव्हा. टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासून बघा, लालसर रेघ आली तर हेमेटाइट हे लोखंडाचंच दुसरं खनिज, ठळक काळी आली तर मॅग्नेटाइट, उल्केची सहसा रेघच येत नाही.

घनता मात्र नक्की काढा, माझ्या मते घरी करता येण्यासारखी ही सगळ्यात भरवशाची परीक्षा. किचनच्या डिजिटल काट्यावर दगड कोरडा तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा, तळाला आणि बाजूला टेकू द्यायचा नाही. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घनसेंटीमीटर दगडाचं आकारमान. कोरडं वजन ३१२ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ९१ आला तर ३१२ भागिले ९१ म्हणजे ३.४ च्या आसपास. आपला घट्ट बेसाल्ट २.८ ते ३, दगडी उल्का बहुतेक ३.३ ते ३.७, आणि लोखंडी उल्का पावणेआठच्या आसपास. ३.४ आलं, साल आहे, भोकं नाहीत, तर आता एक कोपरा सँडपेपरवर पाणी टाकत घासा, नखाएवढीच खिडकी करा, जास्त नको. राखाडी भागात धातूचे चमकणारे ठिपके विखुरलेले दिसले तर काळजाचा ठोका चुकायला हरकत नाही.

हे ठिपके विखुरलेले असणं फार बोलकं आहे. पृथ्वीचं लोखंड वितळून खाली बुडालं आणि त्याचा गाभा झाला, पण कॉन्ड्राइट जातीच्या उल्केत लोखंड अजून दगडातच मिसळलेलं आहे, म्हणजे तो मूळ गोळा कधी पूर्ण वितळलाच नाही. त्यात कॉन्ड्र्यूल म्हणतात ते मिलिमीटरभर गोल दाणे दिसतात, आणि अशा उल्कांतले सगळ्यात जुने कण सुमारे ४५७ कोटी वर्षांचे आहेत, सूर्यमालेचं वय आपण तिथूनच मोजतो. उलट लोखंडी उल्का म्हणजे फुटलेल्या लघुग्रहाचा गाभा बहुतेक, ती कापून ॲसिडने धुतली की एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्या दिसतात, आणि त्या पट्ट्या किती रुंद यावरून तो गाभा दर दहा लाख वर्षांनी किती थंड होत गेला ते काढता येतं. आपल्या गाभ्यापर्यंत कोणी जाऊ शकत नाही, रशियातलं कोलाचं सगळ्यात खोल भोकसुद्धा १२ किलोमीटरच्या जरा पुढे जाऊन थांबलं, म्हणून हे तुकडे इतके महत्त्वाचे.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा, बेसाल्टसारखाच दिसणारा. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमधल्या शेरघाटीला असाच एक साधारण पाच किलोचा दगड पडला. त्यातलं प्लेजिओक्लेज बाहेरून स्फटिकाच्याच आकाराचं पण आतून काच झालेलं होतं, १८७२ मध्ये त्याला मास्केलिनाइट नाव मिळालं. काच झाली ती आगीने नाही तर आदळण्याच्या प्रचंड दाबाने, हवेच्या दाबाच्या काही लाख पट. पुढे वय काढलं तर सतरा-अठरा कोटी वर्षं निघालं, आणि इथेच विचार करायचा, छोटा लघुग्रह तर अब्जावधी वर्षांपूर्वीच थंड झालेला असणार, इतक्या अलीकडे लाव्हा ओतायचा तर ग्रहच मोठा पाहिजे. १९८३ मध्ये अंटार्क्टिकातल्या अशाच एका दगडाच्या काचेत अडकलेला वायू मोजला आणि तो १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. त्यानंतर वाद जवळजवळ मिटलाच. शेरघाटीच्या नावावरून त्या सगळ्या जातीला शेरगोटाइट म्हणतात.

आणि हेच मास्केलिनाइट आपल्या लोणारलाही सापडलंय. बेसाल्टमध्ये झालेलं आणि इतकं नीट टिकलेलं आघात विवर पृथ्वीवर फार दुर्मिळ, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. तिथे जाल तेव्हा काठावरचे उलटे पडलेले थर बघा, फोटो काढा, पण दगड उचलू नका, ते अभयारण्य आहे.

पाणी शोधायचं तर ऑलिव्हिनचा गंज बघा, सुरुवातीला आपल्या बेसाल्टमध्ये तपकिरी दाणे बघितले ना, तेच. १९११ मध्ये इजिप्तच्या नखला इथे पडलेल्या मंगळाच्या दगडात ऑलिव्हिनमधून तशाच गंजलेल्या बारीक शिरा जातात आणि बाहेरच्या जळक्या सालीजवळ त्या भाजल्या गेल्यात, म्हणजे गंज पृथ्वीवर लागलेला नाही, हवेतून येण्याआधीच होता, म्हणजे मंगळावर त्या खडकातून पाणी झिरपलं होतं. एवढ्याशा शिरेतून केवढं कळतं! आपल्याकडे पाणी झिरपून बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक जमले, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये ते भरपूर बघायला मिळतात, आणि त्याच कुळातलं ॲनालसिम मंगळावरही कक्षेतून ओळखलं गेलंय.

राहिला प्रश्न ग्रहाच्या पोटात खोलवर काय आहे याचा. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्का पडली, तिचं वर्गीकरण एल ६, एल म्हणजे लोखंड कमी आणि ६ म्हणजे इतकी तापलेली की कॉन्ड्र्यूलच्या कडा पुसट झाल्यात. अंतराळातल्या टकरीने तिच्यात बारीक काळ्या शिरा झाल्या आणि त्या शिरांत ब्रिजमनाइट सापडलं, आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२१ मध्ये हे काम छापलं. ब्रिजमनाइट म्हणजे पृथ्वीतलं सगळ्यात मुबलक खनिज, पण ते ६६० किलोमीटरच्या खाली असतं आणि वर येताना टिकत नाही. पृथ्वीच्या पोटातला खडक बघायचा तर काटोलच्या शिरेत बघावा लागतो, मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

घरी एवढं सगळं दिसणार नाही हे उघडच आहे. दगड कुठल्या ग्रहाचा हे शेवटी ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) आणि पायरॉक्सिनमधल्या लोखंड-मँगनीजच्या प्रमाणावरून लॅबमध्येच ठरतं. तुमच्या दगडाने साल, घनता, खिडकी या तिन्ही परीक्षा पास केल्या तर पुढे फोडू नका, धुऊ नका, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा, जागेचं लोकेशन आणि तारीख लिहा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला म्हणजे जीएसआयला कळवा, देशातल्या उल्का सांभाळायचं काम त्यांच्याकडे आहे. विकत घेणार असाल तर आधी मेटिऑरिटिकल बुलेटिनच्या, म्हणजे उल्कांची अधिकृत नावं नोंदवणाऱ्या, डेटाबेसमध्ये नाव टाकून बघा, तो फुकट आहे, काटोल आणि शेरघाटी (तिथे Shergotty) दोन्ही त्यात मिळतील, आणि विकणारा सांगतो ते नाव तिथे नसेल तर पैसे देऊ नका.