पोरांच्या हातात मोबाईल न देता वर्गात वापरता येतील अशी ऑनलाईन साधनं

वर्गात मोबाईल काढायला ज्यांचं मन धजत नाही अशा सर-मॅडमसाठी हे लिहितोय. आणि आधीच सांगतो, तुमची शंका अगदी रास्त आहे. पोरांसमोर स्क्रीन आली की लक्ष कुठं जातं ते आपण रोज बघतो, त्यात रेंज नाही, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि तास संपायला वेळ लागत नाही. म्हणून मोबाईल फक्त शिक्षकाच्या हातात राहील अशीच साधनं इथं घेतलीत. सगळी एकदम सुरू करू नका, एक घ्या, त्याच्यावर हात बसू द्या, मग पुढचं बघा.

सुरुवात वर्गाबाहेरूनच करा, म्हणजे चाचणीची प्रश्नपत्रिका. मोबाईलवर जीबोर्ड कीबोर्ड असतो, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा लावून घ्या, गुगल डॉक्स उघडा, माईकचं चिन्ह दाबा आणि श्रुतलेखन घालतो तसं सावकाश बोलत रहा, समोर मराठी उमटत जातं. नंतर ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं तपासावीच लागतात, अपूर्णांक आणि समीकरणं हातानेच टाका, पण दोन पानी पेपर एकेक अक्षर शोधत टाईप करण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत. शिवाय हे युनिकोडमध्ये असतं, त्यामुळं जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात ती कटकट नाही. प्रिंटला देताना मात्र पीडीएफ करूनच द्या.

वाचनासाठी स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेली साईट, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, वाचायला पैसे लागत नाहीत आणि खुल्या परवान्यावर असल्यामुळं प्रिंट काढून वर्गात वाटल्या तरी चालतं. गोष्टींना १ ते ४ पातळ्या दिल्यात. ज्या पोराला जोडाक्षर अडतं त्याला पहिलीचं पुस्तक हातात दिलं की तो मित्रांसमोर लाजतो, पण पातळी १ ची गोष्ट दिली तर ते पुस्तक कुठल्या इयत्तेचं हे कुणाला कळतच नाही, मला ही साईट आवडते ती यासाठी. डाऊनलोडसाठी लॉगिन मागितलं तर ईमेल टाकून मोफत खातं काढा.

आता माझं सगळ्यात आवडतं, प्लिकर्स, म्हणजे पोरांनी धरलेली छापील कार्डं शिक्षकाच्या मोबाईलने टिपून उत्तरं दाखवणारं अ‍ॅप. आपण फळ्यापाशी उभं राहून विचारतो, समजलं का, आणि अख्खा वर्ग होऽऽऽ म्हणतो, त्यातल्या किती जणांना खरंच समजलं ते पेपर तपासताना कळतं. इथं ते त्याच तासाला कळतं. प्लिकर्सच्या साईटवरून कार्डं मोफत मिळतात, ४० कार्डांचा संच असतो, पट मोठा असेल तर ६३ चा घ्या. प्रत्येक कार्डावर काळी-पांढरी चौकटीची नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी, वर एक नंबर आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रिंट काढून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन मोबाईलला नक्षी ओळखता येत नाही. अ‍ॅपमध्ये वर्ग तयार करताना मुलांची नावं टाकू नका, नुसते हजेरी नंबर टाका, काम तेवढ्यानेही होतं आणि पोरांची माहिती बाहेर कुठं जात नाही.

मग प्रश्न फळ्यावर लिहा. समजा पाचवी-सहावीचा वर्ग आहे, ०.५ आणि ०.४५ यात मोठी संख्या कोणती? ए म्हणजे ०.५, बी म्हणजे ०.४५, सी म्हणजे दोन्ही सारख्या. पोरांनी आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, नक्षीवर बोटं येऊ द्यायची नाहीत, आणि तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून हळूहळू फिरवायचा, कुणाचं बरोबर कुणाचं चूक ते स्क्रीनवर येत जातं. अक्षरं बारीक असल्यामुळं शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणं अवघड. या प्रश्नाला बी बरेच निघतात, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे ना! आता बी वाल्यांची नावं घेऊ नका, कुणाला उभं करू नका, सरळ फळ्यावर ०.५० आणि ०.४५ एकाखाली एक मांडा आणि तोच प्रश्न परत स्कॅन करा. कधीच हात वर न करणारी मुलगी काय विचार करते ते अशा वेळी पहिल्यांदा दिसतं. अ‍ॅपला नेट लागतं हे ध्यानात ठेवा, आणि रेंज गेलीच तर तीच कार्डं वर धरायला सांगून बाकांमधून फिरत बघा, तास वाया जात नाही.

विज्ञानवाल्यांनी फेट नक्की बघावं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, २००२ साली नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केलेला, मोफत आहे आणि बरीच सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत. घरी वायफायवर डाऊनलोड करून लॅपटॉपमध्ये ठेवली की वर्गात नेट लागत नाही. धाराविद्युत शिकवताना विद्युत परिपथाचं सिम्युलेशन टीव्हीवर लावा, वायर, बॅटरी, दिवा जोडा, विभवांतर वाढवलं की दिवा प्रखर होतो, धारा फारच वाढली तर बॅटरीतून आगीच्या ज्वाळा निघतात. प्रत्येक बदलाच्या आधी थांबून विचारा, आता काय होईल? अंदाज वहीत लिहून झाल्यावरच बटण दाबा, नाहीतर तो नुसता सिनेमा होतो. आणि खरी बॅटरी आणि खरा बल्ब त्याच तासाला टेबलावर हवाच.

दीक्षा अ‍ॅप बहुतेकांच्या मोबाईलमध्ये असेलच, २०१७ पासून आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यातून स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. पुस्तकात क्यूआर कोड ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी राबवली होती, त्यांनाच २०२० चा ग्लोबल टीचर प्राईझ मिळाला, म्हणजे हे आपल्यासारख्याच शाळेतून आलंय. व्हिडिओ आदल्या दिवशी घरी पूर्ण बघा, डाऊनलोड करून ठेवा, आणि त्यातला फक्त उपयोगाचा तुकडा दाखवा, दोन-तीन मिनिटं पुरे. कुठून कुठपर्यंत दाखवायचा ते पुस्तकात पेन्सिलने लिहून ठेवलं की पुढच्या वर्षीही कामाला येतं.