मूल स्काउट-गाइडमध्ये गेलंय? पालकांनी या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पाचवीच्या मुलांच्या हाती चिठ्ठी येते: स्काउट-गाइडमध्ये नाव घालायचंय का? घरी त्यावर साधारण दोनच प्रश्न निघतात. गणवेश केवढ्याला पडतो, आणि दहावीला मार्क मिळतात का? प्रश्न रास्त आहेत. पण पुढची पाच वर्षं या दोन प्रश्नांभोवतीच फिरत राहिली, तर मुलाच्या हाती गणवेशाशिवाय फारसं काही लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात सगळा सरंजाम

स्काउटचा स्टील ग्रे शर्ट आणि नेव्ही ब्ल्यू पँट, गाइडचा आकाशी पोशाख, स्कार्फ, वॉगल (स्कार्फ गळ्याशी अडकवायची कडी), टोपी, पट्टा, शिटी, दोरी. पालक उत्साहाने दुकान गाठतात आणि शर्टावर बॅजही शिवून आणतात. मग पथक चालवणारे स्काउटचे सर तो उसवायला सांगतात आणि मूल हिरमुसतं. सदस्यत्वाचा बॅज दीक्षाविधीत वचन घेतल्यावरच लावायचा असतो. त्याआधी मुलाला वचन, नियम, प्रार्थना, झेंडागीत, सॅल्यूट, डाव्या हाताने हस्तांदोलन अशा प्रवेशाच्या गोष्टी शिकाव्या लागतात. म्हणून कपडेही सरांना रंग दाखवून मगच शिवा. स्कार्फचा रंग तर प्रत्येक पथकाचा वेगळा असतो, तो अंदाजाने घेऊ नका.

वचनात ‘ईश्वर’ हा शब्द येतो. काही घरांना तो खटकतो. त्या जागी ‘धर्म’ म्हणायची मुभा आहे, सरांशी आधी बोलून घ्या.

‘शिस्त लागेल’ म्हणून पाठवणं

एनसीसी आणि स्काउट यांत बऱ्याच पालकांची गल्लत होते. एनसीसी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. स्काउटिंग ही ऐच्छिक चळवळ आहे. कवायत इथेही असते, पण खरं काम चालतं संघात. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि कोण पाणी भरणार, कोण चूल पेटवणार हे तेच ठरवतात. त्यात भांडणं होतात आणि व्हायलाही हवीत. ‘आमच्या मुलाला संघनायक करा’ असा फोन सरांना जातो तेव्हा या रचनेचा अर्थच संपतो. संघनायक मुलाला घरी अभिमानाने बघितलं जातं, हे खरं. पण त्याच्या संघातला भाजी चिरणारा मुलगाही तेवढंच शिकत असतो.

मार्कांचं गणित उशिरा मांडणं

राज्य मंडळाच्या दहावीला स्काउट-गाइडसाठी वाढीव गुणांची सवलत आहे. ती नुसतं नाव नोंदवल्यावर मिळत नाही आणि तिच्या अटी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचा नियम शाळेतून विचारून घ्या. पालकांचा घोळ होतो तो वेळेचा. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि त्यानंतर राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीवर ठरलेले महिने काढावेच लागतात, पायरी गाळता येत नाही. नुसत्या सोपानांतच दोन वर्षांच्या आसपास जातात. स्काउट-गाइड विभागाचं वय दहाला सुरू होतं, म्हणजे पाचवी-सहावीत. मूल आठवीत आल्यावर ‘आता राष्ट्रपती पुरस्कार करूया’ म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात. त्यांना स्पष्ट सांगावं लागतं की दहावीच्या आत ते जवळजवळ अशक्य आहे. मुलाला आवड असेल तर जरूर घाला, पण पुरस्काराची आशा लावू नका.

याहून दुखरी गोष्ट नोंदणीची. पथकाची आणि मुलांची नोंदणी दरवर्षी जिल्हा संस्थेकडे करावी लागते. मूल तीन वर्षं गणवेश घालून जातं आणि चाचणी शिबिराच्या वेळी कळतं की मधल्या एका वर्षाची नोंदणीच झालेली नाही. दर जुलै-ऑगस्टमध्ये सरांना एकदा नम्रपणे विचारा, नोंदणी झाली का आणि मुलाच्या पुस्तिकेत मागच्या पायरीची सही आहे का. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स घरच्या फायलीत ठेवा. सरांची बदली झाली की कागद हरवतात.

खरी कमाई आईची

‘खरी कमाई’ म्हणजे मुलांनी स्वतःच्या श्रमाने थोडे पैसे मिळवायचा उपक्रम. त्या दिवशी शाळेत स्टॉल लागतात. भेळ, वडापाव, ताक, इडली. टेबलामागे मूल उभं असतं, पण बटाटे पहाटे चारला आईने उकडलेले असतात आणि भांडवल बाबांचं असतं. संध्याकाळी ‘चारशे रुपये कमावले’ म्हणून टाळ्या! मुलाला जमेल तेच करू द्या. लिंबू सरबत पुरे. सामानाला किती लागले, किती उरले, हा हिशोब त्याच्या अक्षरात हवा. नुकसान झालं तर तेही त्यालाच लिहू द्या. शेजाऱ्यांची सायकल धुऊन वीस रुपये आणले तर ती कमाई स्टॉलपेक्षा चोख.

लॉगबुकचं, म्हणजे मुलाने काय काय केलं-शिकलं त्याच्या नोंदवहीचंही तेच. चाचणीत परीक्षक लॉगबुक उघडून मुलाला दोरी देतात आणि गाठ मारायला सांगतात. पानावर ‘बोलाइन’ गाठीचं चित्र सुरेख असेल आणि बोटांना ती येत नसेल, तर चित्र कोणी काढलं हे लगेच कळतं.

शिबिर: इथे विचारा आणि इथे थांबा

पहिल्या मुक्कामी शिबिराला पालक सर्वांत जास्त घाबरतात. थोडी काळजी बरोबरच आहे. जाण्याआधी हे विचारायला संकोच करू नका: सोबत किती मोठी माणसं आहेत, मुली असतील तर महिला गाइडर (गाइड पथकाच्या बाई) मुक्कामाला आहे का, पिण्याचं पाणी कुठलं, झोपायची आणि स्वच्छतागृहाची सोय काय, जवळचा दवाखाना कोणता, नेणारे शिक्षक प्रशिक्षित आहेत का. मूल दमा, फिट, ॲलर्जी किंवा अंथरूण ओलं होणं यांपैकी काही सोसत असेल तर सरांना कागदावर लिहून द्या. लाजेने लपवलेली गोष्ट रात्री दोनला उघड होते, आणि तेव्हा सगळ्यांचे हाल होतात. समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत तर मुलाला पाठवू नका, त्यात भित्रेपणा नाही.

उत्तरं मिळाली, मूल गेलं, की मात्र थांबा. पिशवी त्यालाच भरू द्या. ताट, वाटी, पेला, पांघरूण, टॉर्च, दोरी, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. आईने भरलेल्या पिशवीत साबण कुठे आहे हे मुलाला माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शिबिरावर धडकू नका. एकाचे आईबाबा आले की बाकीच्या दहा जणांना घर आठवतं. बिनभांड्यांच्या स्वयंपाकात भाजलेला बटाटा अर्धा कच्चा असणार, बाटीला राख लागणार. मूल ती चवीने खातं आणि घरी येऊन तुमच्या पोळीत खोट काढतं.

‘मला नाही जायचं’

हे बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत येतं. आधी कारण शोधा. उन्हातली कवायत नकोशी झाली असेल किंवा संघात कोणी चिडवत असेल, तर सरांशी बोलून मार्ग निघतो. एक शिबिर होईपर्यंत थांबायला सांगा, त्यानंतर निर्णय त्याचा. पण पथक फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहत असेल, तर मूल कंटाळलं यात त्याचा दोष नाही. वर्षभराचा कार्यक्रम मागा. तो नसेल तर जिल्हा कार्यालयात मुक्त पथकाची चौकशी करा. ती शाळेबाहेर चालतात आणि वेगवेगळ्या शाळांची मुलं घेतात. शाळेत एखादे पालक ट्रेकिंग किंवा प्रथमोपचार जाणणारे असतील तर त्यांनी एक शनिवार देऊ केला, तर बहुतेक स्काउट सर आनंदाने हो म्हणतात. कारण त्यांच्याकडे वर्गही असतो, परीक्षाही असतात आणि पथकही असतं.